गाळलेल्या जागा

हे पुस्तक हातात घेणाऱ्या बहुतेक भारतीय वाचकांच्या डाव्या दंडावर एक लहानसा गोल व्रण असेल. जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजीची ती खूण. ही लस क्षयाची, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण तिच्यातला जिवंत जंतू माणसाच्या क्षयाचा नसून गाईच्या क्षयाचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. फ्रान्समधल्या लील शहरात आल्बेर काल्मेत हे डॉक्टर आणि कामीय गेरँ हे पशुवैद्य यांनी १९०८ साली एका गाईपासून मिळालेला क्षयजंतू ग्लिसरीन आणि पित्त लावलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवायला घेतला. दर काही आठवड्यांनी तो नव्या कापावर न्यायचा, असा क्रम त्यांनी पहिल्या महायुद्धातही मोडला नाही. १९२१ पर्यंत अशी २३० स्थलांतरे झाली. तोवर त्या जंतूची रोग निर्माण करण्याची ताकद गेली होती आणि शरीराला सावध करण्याची ताकद शिल्लक होती. लस तयार झाली. पण वाटेत त्या जंतूचे नेमके काय हरवले, हे दोघांपैकी कोणालाच कधी कळले नाही. काल्मेत १९३३ साली गेले, गेरँ १९६१ साली. उत्तराची सुरुवात झाली १९९६ साली, आणि ते नीट वाचता आले ते मूळ जंतूचा संपूर्ण जीनोम २००३ साली समोर आल्यावर.

तो मूळ जंतू म्हणजे मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. या पुस्तकाचा विषय तोच. गाई-म्हशींचा क्षय हा घटसर्प किंवा फऱ्यासारखा एका रात्रीत दावण रिकामी करणारा रोग नाही. जनावर महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे धडधाकट दिसते, चारा खाते, दूध देते, गाभण राहते. आत फुप्फुसांत आणि छातीतल्या लसिकाग्रंथींत चुनखडीसारख्या किंवा पनीरसारख्या गाठी साकळत असतात. मग कधीतरी खोकला सुरू होतो, अंग उतरते, दूध आटते. आणि तोवर शेजारच्या जनावरांनी एकाच गव्हाणीवर, एकाच गोठ्यातल्या हवेत श्वास घेतलेला असतो. जंतू कासेत पोहोचला तर दुधातूनही बाहेर पडतो. शेळ्या, डुकरे, हरणे, माणूस, कोणीच त्याला वर्ज्य नाही.

माणूस या यादीत आहे की नाही, यावर एकेकाळी मोठा वाद झाला होता. १८८२ साली बर्लिनमध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर करणाऱ्या रॉबर्ट कॉख यांचा शब्द तेव्हा प्रमाण मानला जाई. १८९८ साली अमेरिकेतल्या थिओबाल्ड स्मिथ यांनी गाईचा आणि माणसाचा क्षयजंतू वेगळे असल्याचे दाखवून दिले. त्यावर कॉख यांनी १९०१ साली लंडनच्या क्षयरोग परिषदेत पुढची उडी मारली: गाईचा क्षय माणसाला क्वचितच होतो, म्हणून दूध-मांसाबाबत वेगळी खबरदारी घेण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये या विधानाने खळबळ उडाली. सरकारने रॉयल कमिशन नेमले आणि दहा वर्षांच्या प्रयोगांनंतर १९११ साली निष्कर्ष आला की कॉख चुकत होते. मुलांच्या मानेवर उठणाऱ्या गंडमाळा, पोटातला क्षय, हाडांचा क्षय यांतला मोठा वाटा निरशा दुधातून येत होता. १९३०च्या दशकात ब्रिटनमधल्या दुभत्या गाईंपैकी सुमारे ४० टक्के या रोगाने बाधित असाव्यात असा अंदाज होता. दुधाचे पाश्चरीकरण आणि बाधित जनावरे शोधून मारणे, या दोन उपायांनी पुढच्या काही दशकांत हे चित्र पालटले.

आपल्याकडे दूध उकळून पिण्याची रीत घराघरांत आहे. किती घरांत तिने हा रोग उंबरठ्याबाहेर ठेवला असेल, याची कोणी मोजदाद केलेली नाही. पण त्याच आपल्या समाजात धारोष्ण दुधाचे कौतुकही आहे, आणि पैलवानांपासून बाळंतिणींपर्यंत अनेकांना ते आग्रहाने पाजले गेले आहे. दुधाची ही दोन्ही रूपे मनात ठेवूनच पुढचे वाचावे.

आता जीनोमकडे येऊ. १९९७ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एका गाईच्या गाठींमधून एक जंतू वेगळा केला गेला. त्याला एएफ-२१२२/९७ असे कोरडे नाव मिळाले. पॅरिसची पाश्चर संस्था, केंब्रिजजवळची सँगर संस्था आणि वेब्रिजची पशुवैद्यकीय प्रयोगशाळा यांनी मिळून त्याचा डीएनए वाचला. पद्धत तेव्हाची प्रचलित होती. डीएनएचे हजारो आडवेतिडवे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वाचायचा आणि ज्यांची टोके एकमेकांशी जुळतात ते संगणकाने जोडत जायचे. २००३ साली निकाल छापून आला. एकच वर्तुळाकार गुणसूत्र, ४३,४५,४९२ अक्षरे, ३,९५२ जनुके. माणसाच्या क्षयजंतूचा जीनोम त्याआधी, १९९८ साली वाचून झाला होता. संशोधक स्ट्यूअर्ट कोल यांचे नाव दोन्ही प्रकल्पांशी जोडलेले आहे. दोन्ही जीनोम शेजारी ठेवल्यावर दिसले की ते ९९.९५ टक्क्यांहून अधिक सारखे आहेत.

इतक्या साम्यातून दोन रोगांचा स्वभाव वेगळा कसा होतो? संशोधकांना आशा होती की गाईच्या जंतूत काही खास जनुके मिळतील आणि त्यांच्या जोरावर तो इतक्या प्राण्यांना ग्रासतो असे सांगता येईल. तसे एकही जनुक मिळाले नाही. माणसाच्या जंतूच्या ज्या जातकुळीशी तुलना केली तिच्यात नसलेला एक तुकडा गाईच्या जंतूत होता खरा, पण तोही माणसाच्या क्षयजंतूच्या जुन्या वंशांमध्ये आढळतो. उलट गाईच्या जंतूत अकरा ठिकाणी मजकूरच नव्हता. कुठे हजारभर अक्षरे गेलेली, कुठे बारा हजारांहून जास्त. माणसाच्या जंतूपेक्षा त्याचा जीनोम सुमारे ६६ हजार अक्षरांनी तोकडा निघाला. शाळेतल्या प्रश्नपत्रिकेत गाळलेल्या जागा भरायच्या असत. इथे मात्र जागा रिकाम्याच ठेवून त्यांचा अर्थ लावायचा होता.

आणि तो अर्थ मोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी होती की माणसाने दहा हजार वर्षांपूर्वी गुरे माणसाळवली, त्यांच्यासोबत राहू लागला आणि त्यांचा क्षय त्याच्याकडे आला. मूळ रोग गाईचा, माणसाचा रोग ही त्याची शाखा. गोष्ट पटण्यासारखी होती, म्हणून फारशी तपासली गेली नाही. पण क्षयजंतू बाहेरून डीएनए उचलण्यात अतिशय मठ्ठ असतात. एकदा गेलेला तुकडा परत मिळत नाही. मग ज्याच्याकडे तुकडा नाही त्याच्यापासून, ज्याच्याकडे तुकडा आहे तो कसा जन्मेल? रोलँ ब्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अशा गळालेल्या तुकड्यांचा क्रम लावून वंशावळ मांडली होती, तीत बोव्हिस अनेक तुकडे गमावून खूप उशिरा फुटलेल्या फांदीच्या टोकाला होता. संपूर्ण जीनोमने त्यावर शिक्का मारला. माणसाचा क्षय गाईने दिलेला नाही. दोघांचा पूर्वज एक, आणि गाईचा जंतू त्याच्यापासून जास्त झिजलेला.

पुढे याच वाचनाने आणखी एक धक्का दिला. २०१४ साली पेरूमधल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मानवी सांगाड्यांतून क्षयजंतूचा डीएनए मिळाला. कोलंबसाच्या आधीचे ते लोक. त्यांच्या हाडांतला जंतू सील आणि समुद्रसिंहांत आढळणाऱ्या क्षयजंतूचा सर्वांत जवळचा नातलग निघाला. गाईचा त्यात संबंधच नव्हता. रोग कोणी कोणाला दिला याबद्दलच्या आपल्या ठाम कल्पना किती सैल असू शकतात, हे दाखवायला एवढे पुरे.

रिकामी जागा वाचणे धोक्याचेही असते. न दिसणारी गोष्ट खरोखर नाही, की वाचणाऱ्यालाच दिसली नाही? २०१७ साली त्याच डेव्हनच्या जंतूचा जीनोम नव्या साधनांनी पुन्हा तपासला गेला. तेव्हा आरडी-९०० नावाचा एक भाग, जो नाही असे चौदा वर्षे धरून चालले होते, तो जागेवरच सापडला. शिवाय २६ अक्षरे दुरुस्त झाली, आणि आधी न ओळखलेली ४२ जनुके नोंदली गेली. एका जंतूचा जीनोम ‘वाचून झाला’ असे म्हणताना विज्ञान किती सावध असायला हवे, याचा हा धडा. बाकीचे मोठे निष्कर्ष मात्र या दुरुस्तीनंतरही टिकले.

काही ठिकाणी तुकडा गेलेला नसून एकच अक्षर बदललेले आहे, आणि त्याचे परिणाम थेट दवाखान्यात दिसतात. अशी दोन उदाहरणे या पुस्तकात सविस्तर आली आहेत. पहिले पीएनसीए जनुकाचे. त्यातल्या १६९व्या अक्षराच्या बदलाने एक एन्झाइम निकामी होते, आणि क्षयावरच्या पायराझिनामाइड या नेहमीच्या औषधाला बोव्हिस जन्मतःच दाद देत नाही. चार औषधांच्या नेहमीच्या उपचारातले एक औषध अशा रुग्णाच्या बाबतीत फुकट जाते. दुसरे उदाहरण पायरुवेट कायनेज या एन्झाइमच्या जनुकाचे. त्यातल्या दोषामुळे या जंतूला ग्लिसरीन पचवता येत नाही. प्रयोगशाळांत क्षयजंतू वाढवण्याचे जे माध्यम सर्रास वापरतात त्यात अन्न म्हणून ग्लिसरीनच असते. म्हणजे गाईचा जंतू तिथे नीट वाढतच नाही, आणि अहवालात तो सापडला नाही असे लिहिले जाते. पायरुवेट घातलेले माध्यम वापरले तरच तो दिसतो. एका देशात हा रोग कमी दिसतो तेव्हा तो खरोखर कमी आहे की आपण त्याला उपाशी ठेवून शोधत आहोत, हा प्रश्न विचारायला या एका अक्षराने शिकवले. नव्या रेणवीय चाचण्यांनीही हा पेच आपोआप सुटत नाही. सरकारी केंद्रांत वापरली जाणारी जीनएक्स्पर्ट चाचणी क्षयजंतूंचा गट ओळखते. त्यातला माणसाचा कोणता आणि गाईचा कोणता हे सांगत नाही.

मग आजार वेगळा घडतो कशामुळे? जनुके तीच असली तरी कोणते किती चालते यात फरक आहे. एमपीबी-७० आणि एमपीबी-८३ ही प्रथिने गाईचा जंतू भरमसाट बनवतो, माणसाचा जंतू अगदी थोडी. त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकात बोव्हिसमध्ये बिघाड आहे. गाईला माणसाचा क्षयजंतू टोचून पाहिला तर संसर्ग होतो, पण गाठी फारशा उठत नाहीत. या कोड्याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही, आणि या पुस्तकातले त्याविषयीचे प्रकरण म्हणूनच लांबले आहे.

आता काल्मेत-गेरँ यांच्या हरवलेल्या तुकड्याकडे. बटाट्याच्या कापांवरून जाताना बीसीजीने जे गमावले त्यातला कळीचा भाग म्हणजे आरडी-१. सुमारे साडेनऊ हजार अक्षरांच्या या भागात ईएसएटी-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांची जनुके आहेत. रोगकारक बोव्हिसमध्ये ती आहेत, लशीत नाहीत. या एका फरकावर पशुवैद्यकातली एक जुनी कोंडी फुटते. कोंडी अशी. गाईचा क्षय ओळखायला मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचतात आणि ७२ तासांनी कॅलिपरने सूज मोजतात. ट्युबरक्युलिन म्हणजे जंतूच्या प्रथिनांचे मिश्रण. बीसीजी दिलेल्या गाईच्या मानेवरही त्याने सूज येते. लस दिलेली आणि रोग झालेली गाय वेगळी ओळखता येत नाही, म्हणून शंभर वर्षे हाताशी असूनही ही लस गुरांना देणे टाळले गेले. आता ट्युबरक्युलिनऐवजी लशीत नसलेलीच प्रथिने टोचली तर? लस घेतलेली गाय गप्प राहते, बाधित गाय सूज दाखवते. अशा चाचणीची पडताळणी इथिओपिया, ब्रिटन आणि भारत या तीन देशांतल्या जनावरांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. २०२१ साली इंग्लंड-वेल्समध्ये गुरांना बीसीजी देण्याची शेतावरची चाचणी सुरू झाली. २०२४ साली इथिओपियातल्या अभ्यासाने दाखवले की वासरांना दिलेल्या बीसीजीने कळपातला प्रसार सुमारे ८९ टक्क्यांनी घटतो.

जीनोम वाचन स्वस्त झाल्यावर त्याचा दुसरा उपयोग सुरू झाला: रोग कुठून कुठे गेला हे शोधण्याचा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात १९७१ साली एक बॅजर या रोगाने मेलेला सापडला. बॅजर म्हणजे बिळांत राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, तिथल्या लोकांचा लाडका प्राणी. तेव्हापासून शेतकरी म्हणतात रोग बॅजर पसरवतात, प्राणिप्रेमी म्हणतात गाईच एकमेकींना देतात. १९९८ पासून झालेल्या मोठ्या प्रयोगात सुमारे ११ हजार बॅजर मारले गेले, आणि २००७ च्या अहवालाने सांगितले की त्याने रोग आटोक्यात यायला अर्थपूर्ण मदत होणार नाही. मारलेल्या क्षेत्राच्या कडेला तर रोग वाढला. २०१३ मध्ये सरकारने पुन्हा बॅजर मारायला सुरुवात केली. या वादात बॅजरांचा आणि गाईंचा जंतू अक्षराअक्षराने ताडून पाहणे जीनोम वाचनामुळे शक्य झाले. ग्लॉस्टरशरच्या वुडचेस्टर पार्कमधल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तिथे बॅजरकडून गाईकडे रोग जाण्याचे प्रमाण उलट दिशेपेक्षा जास्त होते, पण बॅजर ते बॅजर आणि गाय ते गाय हा प्रसार त्या दोन्हींहून अधिक होता. म्हणजे दोन्ही बाजूंच्या घोषणांत थोडे थोडे तथ्य. त्यात भर म्हणजे या जंतूचा जीनोम वर्षाला सरासरी एक अक्षरही बदलत नाही. दोन शेजारच्या गोठ्यांतले जंतू शंभर टक्के सारखे असले, तर कोणी कोणाला दिला हे एकट्या जीनोमवरून सांगता येत नाही. जनावरांच्या खरेदी-विक्रीची नोंदवही तेव्हा डीएनएइतकीच मोलाची ठरते.

भारतात हा विषय आणखी गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०१८ साली काढलेल्या अंदाजानुसार त्यातल्या सुमारे ७ टक्के जनावरांना क्षय असावा, म्हणजे दोन कोटींहून अधिक. ब्रिटनने वापरलेला ‘तपासा आणि मारा’ हा मार्ग इथे बंद आहे. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने, आणि बैल-वळूंची २०१५ च्या दुरुस्तीने बंद झाली. कायदा बाजूला ठेवला तरी दोन-तीन जनावरांवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याला बाधित गाय मारायला सांगणे म्हणजे त्याची चूल विझवणे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस आहेत, क्षय नाही. त्यातच, संकरित होल्स्टीन जनावरांना झेबू, म्हणजे वशिंड असलेल्या, वंशाच्या जनावरांपेक्षा हा रोग जास्त होतो असे इथिओपियात दिसले आहे. आपल्या दूध पट्ट्यांतले गोठे गेल्या काही दशकांत याच संकरित गाईंनी भरले. म्हणून लस आणि तिच्यासोबत चालणारी चाचणी ही आपल्या दृष्टीने शास्त्रज्ञांची हौस नाही; कदाचित एकमेव व्यवहार्य वाट आहे.

पण त्याआधी आपल्या गोठ्यांत नेमका कोणता जंतू आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या माणसांच्या ९४० नमुन्यांची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. गाईंकडून येणारा क्षय म्हणजे बोव्हिस, या समजुतीने पाहिले तर तिथे धक्का होता. रोगकारक बोव्हिस एकाही नमुन्यात नव्हता. सात नमुन्यांत त्याचाच भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम ओरिगिस, निघाला. २०१२ साली स्वतंत्र ओळख मिळालेला हा जंतू दक्षिण आशियातल्या गुरांत, हरणांत आणि माणसांत सापडतो. शिवाय भारतीय गाईंमध्ये माणसाचा क्षयजंतूही मिळाला आहे, म्हणजे संसर्ग उलट्या दिशेनेही जातो. डेव्हनच्या एका गाईवरून तयार झालेला नकाशा डोळे मिटून आपल्या गोठ्यावर ठेवता येणार नाही.

या पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात रोग आणि त्याचा इतिहास, दुसऱ्यात जीनोम वाचनाची रीत आणि त्यातले निष्कर्ष, तिसऱ्यात चाचण्या, लस आणि भारतातला प्रश्न. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने दुसरा भाग सावकाश वाचावा. दूध संघात किंवा ग्रामपंचायतीत निर्णय घेणाऱ्याने तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. जनुकशास्त्राची पूर्वतयारी गृहीत धरलेली नाही, पण सोपे करण्याच्या नादात अर्धवट खरेही सांगितलेले नाही.

एक आग्रह मात्र आहे. जीनोम वाचल्याने रोग जात नाही. २००३ सालच्या त्या वाचनातून चाचणी आणि लशीची वाट निघायला दोन दशके लागली, आणि ती वाट चालायची की नाही हे प्रयोगशाळा ठरवत नाही. आपल्या प्रयोगशाळांनी बोव्हिस वाढू शकेल असे माध्यम वापरले नाही, कत्तलखान्यात दिसलेल्या गाठी नोंदल्या गेल्या नाहीत, बाजारात विकलेल्या गाईची कुळकथा कुठे लिहिली गेली नाही, तर कितीही स्वस्त झालेले जीनोम वाचन आपल्याला उत्तर देणार नाही. विज्ञानाने त्याच्या बाजूच्या रिकाम्या जागा बऱ्याच प्रामाणिकपणे मांडल्या आहेत. आपल्या नोंदवह्यांमधल्या जागा आपणच भरायच्या आहेत, आणि त्या कामाला पशुवैद्य, डॉक्टर आणि गोठामालक यांनी एकत्र बसावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.